गाडीच्या रंगावरील स्वर्ल मार्क मशीनने कसे काढावेत

काळी किंवा गडद निळी गाडी उन्हात उभी असली, की तिच्या बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळे विणावे तसे बारीक चरे दिसतात, आणि आपण एक पाऊल बाजूला सरकलो की ते जाळेही आपल्याबरोबर सरकते. यांनाच स्वर्ल मार्क म्हणतात. प्रत्यक्षात हे चरे गोल नसतात. रंगावर सर्व दिशांनी हजारो बारीक ओरखडे पडलेले असतात आणि त्यांपैकी जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून प्रकाशाच्या ठिपक्याभोवती वर्तुळे असल्याचा भास होतो. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवरही ते तेवढेच असतात, फक्त नजरेत भरत नाहीत.

हे चरे पॉलिश करण्याच्या मशीनने काढता येतात आणि धीराने काम करणाऱ्या नवख्या माणसालाही ते घरच्या पार्किंगमध्ये जमते. मात्र या कामात आपण चरे पुसत नाही आणि भरतही नाही, तर चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून खाली आणतो, हे पहिल्यापासून ध्यानात ठेवले पाहिजे. घासला गेलेला थर परत येत नाही. पुढील बहुतेक सूचना या एकाच गोष्टीतून निघालेल्या आहेत.

घासायला मुळात किती थर आहे

कारखान्यात रंगवलेल्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन जाडी असते. सर्वांत खाली गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग गाडीचा खरा रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर अशी ही रचना असते. स्वर्ल मार्क या वरच्या थरातच असतात. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एका केसापेक्षाही कमी भरते. उन्हातील अतिनील किरण अडवणारे घटक याच थरात असतात, त्यामुळे तो फार पातळ झाला की काही वर्षांनी छतावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे पडून पापुद्रे सुटू लागतात.

एका हलक्या पॉलिशमध्ये साधारणपणे एखाद-दोन मायक्रॉन जातात आणि जोरदार कंपाऊंड, म्हणजे मोठ्या कणांचे पॉलिश, वापरले तर त्याहून जास्त. बहुतेक स्वर्ल मार्क तेवढ्या खोलीतच असतात. ज्या ओरखड्यात नख अडकते तो मात्र खोल असतो, आणि तो पूर्ण काढण्याचा हट्ट धरू नये. त्याच्या कडा गोलसर झाल्या की तो अंधूक होतो, आणि तेवढ्यावर समाधान मानणेच योग्य असते.

शक्य असल्यास रंगाची जाडी मोजणारे गेज उसने किंवा भाड्याने आणावे. प्रत्येक पत्र्यावर चार-पाच ठिकाणी मोजून आकडे वहीत लिहावेत. ९० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याखाली वाचन आले, तर आधी तेथे कोणीतरी रबिंग, म्हणजे कंपाऊंडने घासण्याचे काम, केले असण्याची शक्यता असते आणि तेथे हलक्या पॉलिशच्या पुढे जाऊ नये. २०० च्या बराच वर आकडा आला, तर तो भाग पुन्हा रंगवलेला असतो, आणि आकडा त्याहूनही फार मोठा असेल तर खाली लांबी भरलेली असते. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधे गेज चालत नाही, आणि ॲल्युमिनियमच्या बॉनेटसाठी दोन्ही धातू ओळखणारे गेज लागते.

चरे पडतात कसे

आपल्याकडे बहुतेक चरे गाडी चालवताना पडत नाहीत, ते पुसताना पडतात. सोसायटीत सकाळी एका बादलीत आणि एकाच फडक्याने आठ-दहा गाड्या पुसल्या जातात. तिसऱ्या गाडीपर्यंत त्या फडक्यात इतकी रेती साठलेली असते, की ते कापड राहत नाही, काचकागद होतो. धुळीतील सिलिकाचे कण क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरडी गाडी डस्टरने झटकणे आणि धुळकट गाडीवर कव्हर घालून ते वाऱ्यावर फडफडू देणे यांचाही परिणाम तोच होतो. पुसण्याची ही सवय बदलायची नसेल, तर मशीनचे काम हातात घेऊच नये, कारण महिन्याभरात जाळे परत येईल आणि थर मात्र गेलेला असेल.

मशीन, पॅड आणि पॉलिश

मशीन दोन प्रकारची असतात. रोटरी मशीन एकाच आसावर जोरात फिरते, लवकर कापते आणि एका जागी उष्णता साठवते. गॅरेजमध्ये रबिंग-पॉलिशसाठी बहुधा हीच मशीन लोकरी पॅडसह, म्हणजे मशीनवर बसवायच्या घासणाऱ्या गोल गादीसह, वापरतात. सफाईने शेवट केला नाही तर ती रंगावर पट्ट्यापट्ट्यांचे चमकते ठसे सोडते, त्यांना होलोग्राम म्हणतात. ड्युअल ॲक्शन म्हणजेच डीए मशीनमध्ये पॅड स्वतःभोवती फिरता फिरता एका लहान वर्तुळातही डोलतो, त्यामुळे उष्णता पसरते आणि जास्त दाबले तर पॅडचे फिरणे आपोआप थांबते. नवख्याने डीएच घ्यावी, यात मला कधीच शंका वाटलेली नाही. ८ मिलिमीटर डोलाची मशीन वळणदार भागांवर आटोक्यात राहते, १५ मिलिमीटरची सपाट भागांवर काम लवकर उरकते आणि २१ मिलिमीटरची मोठ्या गाड्यांच्या छत-बॉनेटसाठी सोयीची असते. ५ इंची प्लेट, म्हणजे ज्यावर पॅड बसतो ती मशीनची तबकडी, आणि साडेपाच इंची पॅड हे माप बहुतेक कामाला पुरते. दारांच्या खांबांसाठी आणि बंपरच्या खाचांसाठी ३ इंची प्लेट हाताशी असल्यास बरे.

पॅड तीन प्रकारचे आणावेत: कापणारा, मध्यम आणि मऊ फिनिशिंगचा. रंगावरून पॅड ओळखू नये, कारण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. एकाच पॅडवर अख्खी गाडी करण्याची चूक बहुतेक जण करतात. पॅड तापतो, पॉलिशने गच्च होतो आणि घासणे सोडून नुसता घसरत राहतो. छोट्या हॅचबॅकसाठीही प्रत्येक टप्प्याचे किमान चार पॅड हवेत.

पॉलिशमधील घासणारे कण बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. कण मोठे आणि जोरदार असतील तर त्याला कंपाऊंड म्हणतात, बारीक असतील तर पॉलिश. बाटली घेताना एक गोष्ट नीट पाहावी. काही पॉलिश चरे काढत नाहीत, त्यांत मेण किंवा भरणारे घटक घालून ते तात्पुरते झाकतात. गाडी त्या दिवशी आरशासारखी दिसते आणि तीन-चार धुण्यांनंतर सगळे चरे जागच्या जागी परत दिसतात.

आधी धुणे, मग माती फिरवणे

धूळ असलेल्या रंगावर मशीन लावणे म्हणजे मशीनने नवे चरे पाडणे. म्हणून गाडी दोन बादल्यांनी धुवावी, एकीत शांपूचे पाणी आणि दुसरीत फक्त मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा, खळबळण्याचे साधे पाणी. भांड्यांचा साबण टाळून गाडीचाच शांपू वापरावा.

धुतल्यानंतर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून अलगद बोटे फिरवावीत. नुसत्या बोटाला गुळगुळीत वाटणारा पृष्ठभाग पिशवीतून रव्यासारखा खरखरीत लागतो, आणि अनेकांना याचे आश्चर्य वाटते. ही खरखर रंगात रुतलेल्या कणांची असते. मुंबईत लोकलच्या रुळांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर ब्रेकमधून उडालेली लोखंडी धूळ बसते आणि गंजून घट्ट चिकटते. त्यासाठी आयर्न रिमूव्हर फवारावा. तो लोखंडाशी लागून जांभळा होतो आणि रंगावरून जांभळे ओघळ उतरू लागतात. तो सुकायच्या आत भरपूर पाण्याने धुऊन टाकावा. मग क्ले बार, म्हणजे रंगावर फिरवायची खास लवचीक माती, भरपूर शांपूच्या पाण्यावर हलक्या हाताने पुढे-मागे फिरवावी. मातीची मळलेली बाजू आत दुमडत राहावी. ती जमिनीवर पडली तर कितीही नवी असली तरी फेकून द्यावी, कारण फरशीवरील एक खडा पुऱ्या दारावर ओरखडा काढू शकतो.

बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे गोल डाग राहिले असतील, तर पांढरा व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून कापडाने मिनिटभर धरावा आणि धुवावा. तरीही राहिलेला डाग क्षाराचा नसून रंगात गेलेला खड्डा असतो, आणि त्याचा विचार पॉलिश करतानाच करावा.

गाडी कोरडी झाल्यावर काळे प्लॅस्टिक, रबराच्या पट्ट्या, कंपनीचे चिन्ह आणि पत्र्यांच्या धारदार कडा यांवर मास्किंग टेप लावावी. खरखरीत काळ्या प्लॅस्टिकमध्ये शिरलेले पॉलिश वाळले की पांढरे दिसते आणि सहजी निघत नाही. या टेपसाठी जाणारा अर्धा-पाऊण तास मी कधीच वाचवत नाही, आणि त्याचे कारण पुढे येईल.

एका चौकोनाची परीक्षा

संपूर्ण लेखात एकच गोष्ट करायची असेल, तर ती ही करावी. बॉनेटवर दीड फूट लांब-रुंद चौकोन टेपने आखावा आणि सर्वांत सौम्य जोडीने, म्हणजे मऊ किंवा मध्यम पॅड आणि बारीक पॉलिशने, तेवढाच भाग करावा. मग पुसून टॉर्चच्या उजेडात पाहावे. चरे गेले असतील तर पूर्ण गाडीसाठी तीच जोडी ठरली. निम्मेच गेले असतील तर पॉलिश तेच ठेवून पॅड एक पायरी कडक घ्यावा. तरीही भागले नाही, तरच कंपाऊंडकडे वळावे. काही गाड्यांचा क्लिअर कोट इतका मऊ असतो की मायक्रोफायबरने जोरात पुसले तरी रेघ उमटते, तर काहींचा इतका कठीण असतो की मध्यम पॅड तीनदा फिरवूनही फारसा फरक दिसत नाही. दुसऱ्याच्या गाडीवर चाललेली जोडी आपल्या गाडीवर चालेलच असे नाही, आणि पुन्हा रंगवलेले दार त्याच गाडीच्या उरलेल्या भागांपेक्षा वेगळे वागू शकते.

याच वेळी पॅडकडेही पाहावे. पॅडवर गाडीचा रंग उतरला, तर त्या गाडीवर क्लिअर कोट नसून रंगाचा एकच थर असण्याची शक्यता असते. जुन्या गाड्यांत हे सर्रास आढळते. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर रंग उतरू लागला, तर त्याचा अर्थ तो थर संपला असा होतो, आणि तेथे काम ताबडतोब थांबवले पाहिजे.

पुसण्यासाठी एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार-पाच भाग स्वच्छ पाणी असे मिश्रण फवाऱ्यात भरून ठेवावे. पॉलिशमधील तेल चऱ्यांत बसून ते लपवते, त्यामुळे हे मिश्रण फवारून पुसल्याशिवाय आपण काय साधले हे कळतच नाही.

मशीन चालवताना

गाडी सावलीत हवी आणि पत्राही थंड हवा. एप्रिल-मेमध्ये सावलीतही दुपारी बॉनेट इतके तापते की पॉलिश दोन मिनिटांत वाळून पिठासारखे उडते, म्हणून सकाळी सहा-सातला सुरुवात करून अकराच्या आत दोन-तीन पत्रे करावेत आणि उरलेले काम दुसऱ्या दिवशी घ्यावे. मनगटावरील घड्याळ, अंगठी आणि पट्ट्याचे बक्कल काढून ठेवावे, वायर खांद्यावरून पाठीमागे टाकावी, आणि डोळ्यांवर चष्मा व नाकावर मास्क असावा. जमीन ओली असेल तर वीज जोडूच नये.

नव्या पॅडच्या पूर्ण पृष्ठभागावर आधी पॉलिशचा पातळ हात बोटाने चोळून घ्यावा, म्हणजे तो कोरडा घासणार नाही. मग वाटाण्याएवढे चार थेंब पॅडवर घ्यावेत आणि मशीन बंद असतानाच पॅड रंगावर टेकवून ते थेंब चौकोनात पसरवावेत. मशीन सुरू करताना पॅड रंगाला टेकलेला असलाच पाहिजे. हवेत सुरू केली तर पॉलिशचे शिंतोडे भिंतीपर्यंत उडतात. मशीनच्या वेगाच्या बटणावरील १ किंवा २ या आकड्यावर एकदा पसरवून ४ किंवा ५ वर न्यावे.

बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड काळी रेघ आखून ठेवावी. चालू मशीनमध्ये ही रेघ गोल फिरताना दिसली, की पॅड खरोखर फिरतो आहे हे समजते. ती एका जागी थरथरत राहिली, तर पॅड नुसता हलतो आहे आणि काम होत नाही. अशा वेळी दाब कमी करावा किंवा तिरका झालेला पॅड सपाट करावा. मशीनचा आवाज फसवा असतो, त्यामुळे रेघेवर विश्वास ठेवावा. दाब किती असावा हे समजण्यासाठी घरातील वजनकाट्यावर जुने फडके घालून, मशीन बंद ठेवून तिचा पॅड दाबून पाहावा. कापताना ४ ते ६ किलो आणि फिनिशिंगला मशीनच्या स्वतःच्या वजनापेक्षा थोडासाच जास्त दाब पुरतो.

हाताचा वेग सेकंदाला सुमारे एक इंच असावा. सुरुवातीला हा वेग असह्य वाटतो आणि प्रत्येक नवखा माणूस इस्त्री फिरवावी तसा मशीन भरभर फिरवतो. पण घासणाऱ्या कणांना काम करायला वेळ लागतो. आधी डावीकडून उजवीकडे, प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्याच्या निम्म्यावर चढेल असा जावा, मग तोच चौकोन वरून खाली त्याच पद्धतीने भरावा. अशा चार ते सहा फेऱ्या झाल्या की पॉलिशचा पांढरा थर पातळ होऊन पारदर्शक तेलकट दिसू लागतो. तेथे थांबावे. वाळेपर्यंत फिरवत राहिल्यास नवे बारीक चरे पडतात. मशीन पूर्ण थांबल्यावरच पॅड उचलावा.

मध्ये मध्ये पत्र्यावर हाताची पाठ टेकवून पाहावी. कोमट लागले तर ठीक, पण चटका बसू लागला तर तो पत्रा सोडून दुसरीकडे वळावे. प्रत्येक चौकोनानंतर पॅडवर नायलॉनचा ब्रश धरून मशीन हळू वेगात पाच सेकंद फिरवावी, म्हणजे अडकलेला रंग आणि पॉलिश निघते. दोन पत्रे झाले की पॅड बदलावा.

कडा आणि बंपर

कडांवर, बॉनेटच्या मधल्या उंच रेषेवर आणि दाराच्या हँडलजवळ थर पातळ असू शकतो आणि पॅडचा सगळा दाब एका रेघेवर येतो. बंपर प्लॅस्टिकचा असल्यामुळे उष्णता पसरू देत नाही. माझ्या पहिल्या लाल गाडीच्या मागच्या बंपरवर मी भाड्याच्या रोटरी मशीनने काम करत होतो आणि टेप न लावलेल्या कडेवर पॅड दोन-तीन सेकंद जास्त राहिला. पॅडवर आधी गुलाबी पट्टा दिसला, आणि पुसल्यावर बोटाच्या पेराएवढा निस्तेज डाग. अल्कोहोल फवारले, पुन्हा पुसले, उजेड बदलून पाहिले. क्लिअर कोट गेलेला होता आणि पूर्ण बंपर रंगवून घ्यावा लागला. तेव्हापासून कडेच्या आत अर्धा इंच मी मशीन नेत नाही. तेवढी पट्टी बोटावर पॅडचा तुकडा घेऊन हाताने करतो, आणि बंपरवर वेग ३ च्या वर नेत नाही.

फिनिशिंग आणि संरक्षण

कंपाऊंड वापरावे लागले असेल, तर गडद रंगावर धुक्यासारखी फिकट छटा राहते. मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने ३ किंवा ४ वेगावर, जवळजवळ दाब न देता दोन-तीन फेऱ्या केल्या की ती जाते. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर ही दुसरी पायरी बहुतेक वेळा लागतही नाही, आणि न लागल्यास ती करू नये. तपासणी टॉर्चने वेगवेगळ्या कोनांतून करावी आणि शेवटी एकदा गाडी उन्हात नेऊन पाहावी. घराच्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतात.

एका हॅचबॅकला एकाच पायरीचे काम करायलाही आठ ते दहा तास लागतात. नव्वद टक्के चरे गेले असतील, तर उरलेल्या दहासाठी पुन्हा कंपाऊंड उचलू नये. ते दहा टक्के काढायला आधीच्या नव्वदइतकाच थर खर्ची पडतो.

नंतर संपूर्ण गाडी अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसून लगेच संरक्षक थर द्यावा. कार्नुबा मेण सुंदर झळाळी देते, पण आपल्या उन्हात काही आठवड्यांतच उतरते. सिंथेटिक सीलंट काही महिने टिकते. सिरॅमिक कोटिंग अधिक काळ राहते, पण ते लावण्याआधी तेलाचा अंशही उरता कामा नये आणि लावल्यानंतर किमान पहिला दिवस तरी पाणी लागू देऊ नये. कोटिंगखाली राहिलेला चरा कोटिंग उतरवल्याशिवाय काढता येत नाही, म्हणून घाईने कोटिंग करू नये.

पॅड त्याच संध्याकाळी कोमट पाण्यात सौम्य साबणाने दाबून दाबून धुवावेत, पिळू नयेत, आणि फोमची बाजू खाली ठेवून सावलीत वाळवावेत. गाडी पुसणाऱ्या काकांना दोन जाड मायक्रोफायबर द्यावेत आणि कोरडी गाडी पुसू नका, आठवड्यातून एकदाच पाणी मारून धुवा, असे स्पष्ट सांगावे. ते रोजच्या कष्टातून सुटतात, त्यामुळे सहसा आनंदाने ऐकतात, मात्र महिन्याचे पैसे कमी करू नयेत.

गेज आणलेले असेल, तर त्याच जागी पुन्हा मोजून नवे आकडे वहीत आधीच्या आकड्यांसमोर, तारखेसह, वापरलेला पॅड आणि पॉलिश यांच्या नावासह लिहावेत आणि ते पान गाडीच्या कागदपत्रांबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावे. दोन-तीन वर्षांनी पुन्हा मशीन लावायची की नाही, आणि लावायची तर कोणत्या पत्र्यावर, हे त्या पानावरूनच ठरवायचे असते.